‘स्माइल्स टेक्स्ट कॉलममध्ये टाका, लाइक मारा’: हे का चालत नाही

डेव्हलपर मंडळींत एक सल्ला सर्रास फिरतो: रेणूची रचना म्हणजे शेवटी स्माइल्सची (रचना अक्षरांत लिहायची पद्धत) एक स्ट्रिंग. टेक्स्ट कॉलममध्ये ठेवा, इंडेक्स लावा, शोधायला एसक्यूएलचं ‘लाइक’ (मजकुरात अक्षरांचा तुकडा शोधणारं) आहेच. केमिकल कार्ट्रिज (डेटाबेसला रेणूंच्या रचना शोधायला शिकवणारं एक्स्टेंशन) म्हणजे फुकटचं लोढणं.

‘एका रेणूची एकच स्ट्रिंग.’ छे. इथेनॉल सी-सी-ओ असं लिहा किंवा ओ-सी-सी, दोन्ही बरोबर. कॅनॉनिकल, म्हणजे एका रेणूला एकच ठरलेली, स्माइल्स असते हे खरं, पण आरडीकिट आणि ओपन बॅबल ही रसायनशास्त्राची सॉफ्टवेअरं ती आपापल्या नियमांनी काढतात. दोन्हीकडचा डेटा एकत्र ओतलात की डुप्लिकेट आलेच.

‘लाइकने उपरचना (रेणूच्या आतला तुकडा) सापडते.’ खरी गोची इथेच आहे. सी-सी-ओ शोधलं तर इथाइल ॲसिटेट मिळेल. सॅनिटायझरमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र निसटेल, कारण त्याच्या नेहमीच्या स्ट्रिंगमध्ये ‘ओ’च्या आधी कंसातला एक ‘सी’ मध्ये येतो. जोडणी तीच, पण अक्षरं शेजारी नाहीत. त्याहून वाईट पुढे आहे. स्माइल्समध्ये कॅपिटल सी म्हणजे साधा कार्बन, स्मॉल सी म्हणजे ॲरोमॅटिक, बेन्झिनसारख्या कड्यातला. सायक्लोहेक्झेन आणि बेन्झिनच्या स्ट्रिंगमध्ये फरक तेवढाच. मायएसक्यूएलची डीफॉल्ट तुलना कॅपिटल-स्मॉल जुमानत नाही. कॉलमवर युनिक इंडेक्स असेल आणि सायक्लोहेक्झेन आधी शिरलं असेल, तर बेन्झिनला डुप्लिकेट म्हणून दारातूनच परत पाठवलं जाईल!

‘मग इन्चीकी घ्या.’ हुबेहूब तोच रेणू हवा असेल तर जरूर घ्या. रचनेवरून काढलेली 27 कॅरॅक्टरांची की, साधा बी-ट्री इंडेक्स पुरतो. एवढ्यापुरतं सल्लागारांचं म्हणणं मान्य. पण ती हॅश आहे, तिच्यातून मूळ रचना उलगडत नाही. टोल्युइनच्या कीकडे बघून आत बेन्झिनचं कडं आहे हे ओळखता येत नाही.

‘कार्ट्रिज एकेक रेणू तपासत बसतं, म्हणून रखडतं.’ सगळे नाही तपासत. प्रत्येक रेणूचं फिंगरप्रिंट, म्हणजे बिटांची ओळ, आधीच काढून ठेवलेलं असतं. पबकेम या रसायनांच्या डेटाबेसच्या ओळीत 881 बिट आहेत. शोधाच्या तुकड्यात चालू असलेला बिट रेणूत बंद दिसला की तो रेणू बाद. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आरडीकिटचं कार्ट्रिज ही छाननी गिस्ट या प्रकारच्या इंडेक्सवर करतं. उरलेल्यांचीच अणू-अणू जुळवणी होते, आणि ती करावीच लागते, कारण बिट जुळले म्हणजे रचना जुळलीच असं नसतं.

नुसतं बेन्झिनचं कडं शोधायला दिलंत तर औषधांच्या डेटाबेसमध्ये छाननीत फारसं कोणी गळत नाही, आणि तेव्हा कार्ट्रिज खरंच रखडतं. अशा क्वेरीला लिमिट लावा.