‘अप’ला अर्थ असतो, ‘लागणे’लाही असतो

दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांमध्ये एक मजकूर फिरत असतो. दर जूनमध्ये तो नव्यानं माझ्यापर्यंत येतो, बहुतेक वेळा एखाद्या घाबरलेल्या विद्यार्थ्याकडून. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजी फ्रेजल व्हर्बना, म्हणजे ‘गिव्ह अप’सारख्या क्रियापद आणि छोटा शब्द मिळून झालेल्या जोड्यांना, कसलाच नियम नाही, ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ हे शब्द मनाला येतील तसे चिकटवलेले आहेत. आपल्या मराठीत, संस्कृतात असला गोंधळ नाही. ‘रन’ या एका शब्दाचे 645 अर्थ आहेत, तेव्हा समजून घेत बसू नका, रोज वीस या हिशेबानं यादी पाठ करा. आणि हे सगळं बोलण्यापुरतं ठेवा, अर्जात किंवा निबंधात लिहिलंत तर मार्क जातील.

मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवतो. हा मजकूर वाचून वही मिटवणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

आधी 645. हा आकडा कुणी मनचा काढलेला नाही, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादनातूनच तो पुढे आला. पण तो कोश ऐतिहासिक आहे. 1884 पासून भागाभागांनी निघत 1928 साली तो पहिल्यांदा पुरा झाला, आणि इंग्रजीत एखादा शब्द शतकानुशतकं कसकसा वापरला गेला हे नोंदवणं हेच त्याचं काम. वापरातून गेलेले अर्थ, जहाजावरचे, छापखान्यातले, शिकारीतले अर्थ, सगळे त्यात जपून ठेवलेले असतात. लंडनमधल्या माणसालाही ते सगळे येत नाहीत आणि त्याचं काही अडत नाही.

आता मराठीत असं काही नाही, या म्हणण्याकडे येतो. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतं.

‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं. डोळा लागतो म्हणजे झोप येते. भाजी खारट लागते. जायला दोन तास लागतात. तो माझा मामा लागतो. मूल रडू लागतं, आणि मग आपल्याला उठावं लागतं. घाटात कुणाला गाडी लागते म्हणजे मळमळतं, आणि एसटी स्टँडवर ‘गाडी लागली’ असं ओरडून सांगितलं की सगळे पिशव्या उचलून फलाटाकडे धावतात. तेच दोन शब्द, पण गोंधळ कुणाचाच होत नाही. यातला एकही अर्थ तुम्ही यादीतून शिकला नाहीत. ‘ठेच’बरोबर एक लागणं आलं, ‘निकाल’बरोबर दुसरं आलं, प्रत्येक अर्थ आपापल्या सोबत्याचा हात धरून आला.

फ्रेजल व्हर्बला अगदी जवळची गोष्टही आपल्याकडे आहे, शाळेच्या व्याकरणात तिला संयुक्त क्रियापद म्हणतात. लिहून ठेव, लिहून काढ, लिहून घे, लिहून दे, लिहून टाक. लिहिणं पाचही ठिकाणी तेच आहे. ‘ठेव’मध्ये पुढे उपयोगी पडेल असं येतं, ‘काढ’मध्ये सगळं, शेवटपर्यंत. ‘घे’मध्ये ते आपल्याकडे येतं, ‘दे’मध्ये दुसऱ्याकडे जातं. ‘टाक’ म्हटलं की काम एकदाचं हातावेगळं होतं. ‘तो नको ते लिहून बसला’ यात तर कुणीच बसलेलं नाही, तिथे पस्तावा आहे. परक्या माणसाला हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागेल. तुम्ही ते पाचव्या वर्षी बिनचूक बोलत होता.

संस्कृताचं नाव या मजकुरात मोठ्या आदरानं घेतलेलं असतं, आणि तो आदर मलाही आहे. म्हणूनच सांगतो, संस्कृताच्या अभ्यासकांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. उपसर्ग धातूचा अर्थ बळानं दुसरीकडे नेतो, असं सांगणारा जुना श्लोक आहे आणि त्यातली उदाहरणं आहेत प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एकच, ‘हृ’. मारणं, खाणं, नाश, फिरणं आणि निरसन हे सगळं आधी लागलेल्या एक-दोन अक्षरांनी ठरतं.

याहून नवल वाटावं अशी गोष्ट वेदात आहे. इंग्रजीत ‘टेक ऑफ युअर शूज’ म्हणता येतं आणि ‘टेक युअर शूज ऑफ’ही म्हणता येतं. मधे शब्द घालून क्रियापद तोडलेलं पाहिलं की मुलं बिचकतात. आता ‘आ नो भद्राः क्रतवो यन्तु विश्वतः’ ही ऋग्वेदातली ऋचा आठवा. ‘यन्तु’ म्हणजे जावोत. ‘आ’ जोडला की ‘येवोत’. पण तो ‘आ’ ओळीच्या सुरुवातीला आहे आणि त्याचं क्रियापद तीन शब्द ओलांडून पुढे. पाणिनीनं यासाठी सूत्रंच केली आहेत: उपसर्ग धातूच्या आधी येतो, पण वेदात तो नंतरही येतो आणि मधे इतर शब्द असतानाही येतो. वेदानंतरच्या लौकिक संस्कृतात ही मोकळीक राहिली नाही. इंग्रजीत ती आहे आणि तिलाही नियम आहेत. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतात, पण फॅनच्या जागी सर्वनाम आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ मात्र तुटत नाही, ‘लुक आफ्टर हिम’ असंच राहतं.

मग ‘अप’ला अर्थ आहे का? आहे. भांड्यात पाणी ओतताना पातळी वर चढते आणि काठाला टेकली की भरणं संपतं. मुलांना मी हेच चित्र फळ्यावर काढून दाखवतो, कारण ‘वर’पासून ‘पुरतं, सगळं’पर्यंतचा रस्ता त्यात डोळ्यांना दिसतो. ‘फिल अप’, ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’. मराठीत हेच काम बऱ्याचदा ‘टाकणे’ करतं: खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. ‘आउट’ म्हणजे बाहेर, तेव्हा ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणं. आपणही ‘काढतो’च, आत दडलेलं बाहेर आणतो. ‘टेक डाउन’ म्हणजे उतरवून घेणं, आणि इथे तर ‘डाउन’ला उतरणं, ‘टेक’ला घेणं, शब्दाला शब्द लागतो. ‘ऑफ’मध्ये सुटणं, तुटणं आहे. ‘ऑन’मध्ये चालू राहणं आहे, ‘कॅरी ऑन’, ‘गो ऑन’, जिथे आपण ‘चालत राहा’, ‘बोलत राहा’ म्हणतो.

‘गिव्ह अप’ हे नियम नसल्याचं उदाहरण म्हणून हमखास दिलं जातं. पण त्यात ताब्यातली वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणं हा अर्थ आहे. गुन्हेगार पोलिसांच्या स्वाधीन होतो तेव्हा आजही ‘गेव्ह हिमसेल्फ अप’ म्हणतात. हवाली करण्यापासून प्रयत्न सोडून देण्यापर्यंत फार अंतर नाही. आणि ‘सोडून देणे’ यातलं ‘देणे’ पाहिलंत ना?

सगळीच अशी उलगडत नाहीत, हे मान्य करायला हवं. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे तुकडे जोडून कळणार नाही. ते जसं आहे तसं लक्षात ठेवावं लागतं. पण काहींचा उलगडा होत नाही म्हणून कशालाच अर्थ नाही असं मुलांना सांगणं चूक आहे.

रोज वीस पाठ करण्याबद्दल. यादी क्रियापदाप्रमाणे लावलेली असते: पुट ऑफ, पुट आउट, पुट ऑन, पुट अप, पुट अवे. एका दिवसात इतकी सारखी दिसणारी जोडपी डोक्यात घातली की ती एकमेकांत मिसळतात. ‘द मीटिंग वॉज पुट आउट’ अशी वाक्यं मी दरवर्षी तपासतो. मीटिंग पुढे ढकलायची होती आणि ती विझवली गेली. यादी पाठ करणारं मूल आळशी नसतं, उलट फार कष्ट करत असतं, म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

शिवाय एवढ्यांची गरजच नाही. गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी 2007 साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश इंग्रजी संग्रहात मोजणी केली. फक्त वीस क्रियापदं आणि ‘अप’, ‘आउट’सारखी आठ अव्ययं यांच्या जोड्यांनी निम्म्याच्या आसपास सगळे फ्रेजल व्हर्ब व्यापले होते. 2015 साली गार्नियर आणि श्मिट यांनी सर्वाधिक वापरातल्या 150 फ्रेजल व्हर्बची यादी केली, तीत प्रत्येकाचे खरोखर लागणारे अर्थ सरासरी दोनच निघाले. आठवड्याला चार-पाच, प्रत्येक वाचनातल्या एखाद्या वाक्यासकट, आणि शेजारी त्याच प्रसंगाचं आपलं एक मराठी वाक्य. वर्षभरात हे आरामात होतं. सुरुवात घरातूनच करता येते, कारण चेकअप, फॉलोअप, ब्रेकडाउन, लॉगआउट हे सगळं आपल्या तोंडात आहेच. नाम म्हणून बोलताना जोर ‘चेक’वर येतो आणि क्रियापद म्हणून बोलताना ‘अप’वर, एवढंच तिथे नवं.

राहिला औपचारिक लेखनाचा मुद्दा. काही फ्रेजल व्हर्ब बोलण्यातलेच आहेत हे खरं. ‘मेस अप’ मी अर्जात लिहू देणार नाही, आणि ‘पुट अप विथ’च्या जागी ‘टॉलरेट’ सुचवेन. पण ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘पॉइंट आउट’ यांच्याशिवाय प्रबंध आणि सरकारी अहवाल लिहिणं अवघड होईल. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अर्जातलं ‘कॅरी आउट’ कुणीतरी लाल शाईनं खोडलं होतं आणि ती ते घेऊन माझ्याकडे आली होती. मी तिला राज्यघटनेची इंग्रजी प्रत उघडून दिली. अनुच्छेद 19 मध्ये व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य सांगताना ‘कॅरी ऑन’ आहे. अनुच्छेद 37 मध्ये मार्गदर्शक तत्त्वांबद्दल ‘लेड डाउन’ आहे. तिनं दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचली आणि मग वहीत उतरवून घेतली.