घाला, बेसमेंटला अजून हवा घाला!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान: 'बेसमेंटमध्ये कुबट वास येत आहे. तरी अंगणाकडचं दार उघडं ठेवावं व एक्झॉस्ट फॅन चोवीस तास चालू ठेवावा.' खाली अंगठ्यांची रांग.

जुलै महिना! पुण्यात! बाहेरची हवा पिळली तर बादली भरेल, आणि ही मंडळी वीज जाळून तीच आत ओढणार. खाली नुसत्या स्टोअररूम्स आहेत, गाड्या नाहीत, म्हणजे धुराचं निमित्तही नाही. जाऊन पाहिलं. दाराजवळच्या भिंतीला चक्क घाम फुटलाय, ओघळ फरशीपर्यंत. माझ्या कपाटाच्या कुलपावर तांबूस गंज आणि दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर हिरवी लव.

बाहेर 26 अंश, आर्द्रता 90 टक्के. म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) 24 च्या वर. भिंत 23 ची. पाणी सुटणार नाही तर काय होणार? अहो, बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा खाली असेल तेव्हाच फॅन लावायचा! थंडीतल्या कोरड्या हवेत उघडा ना दारं, मी स्वतः येतो वीट लावायला. आत्ता दार बंद आणि हवेतला ओलावा काढून घेणारा डीह्युमिडिफायर, संपला विषय. एक सेन्सर आत, एक बाहेर, फॅन आपोआप चालू-बंद, असंही सुचवून पाहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "एवढं कशाला? हवा खेळती पाहिजे, बास."

ह्याच लोकांनी मागच्या वर्षी ओल्या भिंतीवर ऑइलपेंट फासला, त्याचे पापुद्रे अजून गळतायत. मग कोपऱ्यात मिठाचं वाडगं. मग कुणीतरी डांबरगोळ्या टाकल्या, त्यामुळे आता कुबट अधिक डांबरगोळी असा संयुक्त दरवळ. आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग ज्यांच्या ओळखीतल्या माणसाला दिलं, त्यांनी तर हवेबद्दल बोलूच नये.

मी पहाटे आर्द्रतामापक घेऊन जिन्यात उभा असतो. बायको दूधवाल्याला सांगते, "हवामान खातं आहे, बाजूने जा." अंदाजाला किंमतही तेवढीच मिळते म्हणा.

फॅन बंद केला की कुणीतरी गुपचूप चालू करतं. म्हणून आज बटणावर चिकटपट्टी मारून आलो. लगेच ग्रुपवर फोटो, 'हे कोणी केलं???' तीन प्रश्नचिन्हं.

मी केलं. बोला!