हलशी कुणालाच आठवू नये?

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

शाळेच्या ग्रुपवर एका मित्रानं विचारलं, लेकीला प्राचीन राजधानीवर प्रोजेक्ट दिलाय, कुठली घेऊ? धडाधड उत्तरं आली. बदामी, हंपी, पाटलीपुत्र. शेवटी एकजण म्हणाला, "आपल्याकडं कुठली राजधानी गा, आपल्याकडं कुंदा." कुंदा म्हणजे बेळगावची मिठाई. त्यावर सगळ्यांचे हसरे चेहरे.

अरे, आपल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात हलशी आहे की! बनवासीच्या कदंब राजांची दुसरी राजधानी, तेव्हाचं नाव पलाशिका. त्यांच्यातल्या मृगेशवर्म्यानं वडलांच्या स्मरणार्थ तिथं जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं. त्याचा मुलगा रविवर्मा. त्यानं ताम्रपटावर कोरून ठेवलं की एका गावाच्या उत्पन्नातून दरसाल कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याचे चार महिने साधूंची सोय व्हावी. खानापूरकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, ते चार महिने म्हणजे काय.

नंदगडच्या आत्येला मी हलशीला घेऊन गेलो होतो. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात वराह, दुसऱ्यात नरसिंह. आत्ये मधोमध थांबली. हात जोडले, पण कुणालाच पाठ करेना. मग आडवी उभी राहिली, एक खांदा वराहाकडं, एक नरसिंहाकडं, आणि मान वळवून वळवून दोघांना नमस्कार केला. शाळेत न गेलेली बाई. पण त्या देवळात कसं उभं राहायचं हे तिला कळलं.

आणि आपण? बेळगावात बोर्डावर मराठी पाहिजे म्हणून गळा कोरडा करतो. पाहिजेच, त्यात तडजोड नाही. पण ज्या मातीसाठी भांडतो तिथलं एक देऊळ पोरांना दाखवत नाही? सुट्टी लागली की गाड्या गोव्याकडं. त्याच गोव्याच्या कदंबांनी पुढं हलशीला पुन्हा राजधानीचा मान दिला. कदंब कुणाचे, मराठी की कानडी, यावर रात्रभर कमेंटी पडतील. रविवर्म्याचा तो ताम्रपट मात्र संस्कृतात आहे, ना तुमच्या ना माझ्या भाषेत.

रस्ता धड नाही, जेवायची सोय नाही. बरं, मान्य. हंपीला उन्हात भाजत फिरताना ही तक्रार कुठं जाते?

जाऊ दे. मित्रांवर रागावून काय करू, मलाही हलशी शाळेत कुणी शिकवली नाही. आत्ये नंदगडात दिली नसती तर मीही रामनगरच्या रस्त्यानं सरळ गोव्याला गेलो असतो. परवा फोनवर ती विचारत होती, वराहाला परत कधी नेतोस? गुडघे दुखतात, तरी.

रविवारी नेतोय. ज्याच्या लेकीचा प्रोजेक्ट आहे त्यानं तिला घेऊन यावं, गाडीत जागा आहे. सकाळी सातला निघायचं. आधी देऊळ, मग गावातली सुवर्णेश्वर, कल्मेश्वराची देवळं, आणि आत्येचे गुडघे साथ देतील तर टेकडीवरचं रामेश्वर. डबा घरूनच आणा. थर्माकोलच्या ताटल्या नकोत, मागच्या खेपेला आवारातच पडल्या होत्या.