पुस्तकात कुठे लिहिलंय?

नियम मोडणं हा आपल्या लोकांचा स्वभावच आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांच्या जोरावर रंगवायचा गोष्टीचा खेळ, खेळायला बसावं. लक्ष्मी रस्त्यावर उलट्या दिशेने स्कूटर घालणारा आणि वर समोरच्यालाच "दिसत नाही का?" विचारणारा माणूस वीस बाजूंचा फासा हातात आला की घटनातज्ज्ञ होतो.

आमच्या ग्रुपचा डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा, मी आहे. बाकीचे एकेक पात्र घेऊन खेळतात. उरलेलं जग, म्हणजे राक्षस, राजे, पाऊसपाणी, खानावळवाला आणि त्याची भांडकुदळ सासू, हे सगळं मी. काम साधारण देवाचं, फक्त देवाला कोणी पान नंबर विचारत नाही. फायटर खेळणारा विमा कंपनीत आकडेमोड करतो. मंत्र टाकणारा विझर्ड सीए आहे. आमचा चोर बँकेत नोकरीला आहे (यावर विनोद करायचा नाही असं ठरलंय). आणि दैवी कृपेने जखमा बऱ्या करणारी क्लेरिक पक्की नास्तिक आहे.

तर अशा मंडळींपुढे मी पहिला हाउस रूल, म्हणजे आपल्या टेबलापुरता घरचा नियम, मांडला: वार करताना फाशावर एक पडला की हातातलं शस्त्र खाली पडेल. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात अशा वेळी वार नुसता हुकतो. मला वाटलं, जरा गंमत येईल. फायटरने खिशातून पेन काढलं आणि माझ्याच नकाशाच्या मागे गणित मांडलं. नवशिक्या शिपाई एका फेरीत एक वार करतो, म्हणजे तलवार पडण्याची शक्यता पाच टक्के. विसाव्या लेव्हलचा फायटर चार वार करतो, म्हणजे साडेअठरा टक्के. एक फेरी सहा सेकंदांची. "म्हणजे जगातला सगळ्यात थोर तलवारबाज दर अर्ध्या मिनिटाला तलवार पाडणार? आणि हा कालचा पोरगा नाही पाडणार?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. विझर्डने मात्र नियमाला उत्साहाने पाठिंबा दिला. त्याच्या फायरबॉलला वाराचा फासा टाकावाच लागत नाही. फासे टाकायचे ते जळणाऱ्यांनी. दुसऱ्याच्या तलवारीबाबत माणूस किती उदार असतो!

दुसरा नियम ओझ्याचा. खरं तर हा माझा नव्हेच, पुस्तकातलाच आहे. अंगातली ताकद गुणिले पंधरा, इतके पाउंड वजन उचलता येतं, आणि 50 नाण्यांचं वजन एक पाउंड. आमच्या चोराची ताकद आठ, म्हणजे सगळं सामान धरून 120 पाउंड, साधारण 54 किलो. आजवरच्या लुटीतून नुसती सोन्याची नाणीच त्याच्याकडे सहा हजार. म्हणजे 54 किलो नाणी अंगावर घेऊन हा गृहस्थ झोपलेल्या ड्रॅगनच्या शेपटीवरून मांजराच्या पावलांनी जातो, तेही दोर, कंदील आणि दहा दिवसांची शिधासामग्री वेगळी. मी म्हटलं, हे आता मोजायचं. त्यावर दिवसभर पैशापैशाचा ताळा जुळवणारा तो माणूस म्हणाला, "पुस्तकात असेल, पण इतक्या बारीकसारीक गोष्टींत कशाला शिरायचं? खेळ आहे शेवटी."

तिसरा नियम तर मी निव्वळ त्यांच्या भल्यासाठी आणला होता. 2014 च्या आवृत्तीत जखमेवरचं औषध प्यायला त्या फेरीतली अख्खी ॲक्शन, म्हणजे वार करायची मुख्य संधी, खर्च होते. त्यातून जीव परत मिळतो किती, तर चार बाजूंच्या दोन फाशांवर पडेल तेवढा, अधिक दोन. बाटलीची किंमत 50 सोन्याची नाणी. म्हणजे पैसे घालवायचे, वार घालवायचा, आणि पिऊन तोंड पुसेपर्यंत राक्षस त्याहून जास्त रक्त काढणार. मी म्हटलं, औषध बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे फेरीतल्या छोट्या जादा संधीत, पिऊन टाका, वारही करा.

शांतता पसरली. मग सीए म्हणाला, "यात तुझा काय फायदा?"

"काही नाही."

"मग आणलास कशाला?"

चोराने विचारलं, राक्षसांनाही हा नियम लागू का? मी प्रामाणिकपणे हो म्हणालो. झालं. प्रस्ताव एकमताने फेटाळला गेला.

डीएमच्या पुस्तकातच म्हटलंय की खेळ नियमांच्या ताब्यात नाही, डीएमच्या ताब्यात आहे. हे दाखवल्यावर क्लेरिक म्हणाली, "ते तुझ्या पुस्तकात. आमच्या पुस्तकात नाहीये." मग मी इतिहास काढला. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला तेव्हा तीन बारक्या पुस्तिका आणि हजार प्रती, एवढाच संसार होता. आज तुम्ही वीस पडला की नाचता आणि दुप्पट फासे टाकता, ते त्या पुस्तिकांत नव्हतंच. मुळात गायगॅक्सच्या लढाईच्या खेळात आर्नेसनने आपल्या टेबलावर फेरफार केले, त्यांतून हे सगळं उभं राहिलं. हा अख्खा खेळच कोणाच्या तरी घरचा नियम आहे! फायटर शांतपणे म्हणाला, "ती मोठी माणसं होती. तू कोण?"

हा प्रश्न मला लागला, पण उपयोगी पडला मेंढीकोटाच्या दिवशी. क्लेरिकला उशीर होणार होता. माझ्यासकट चौघं होतो, पत्ते काढले. कट हुकूम की बंद हुकूम, यावर दहा मिनिटं गेली, पण पुस्तक कोणी मागितलं नाही. सीए म्हणाला, "आमच्या साताऱ्याच्या काकांकडे बंदच खेळतात," आणि विषय मिटला. काकांचं नावही कोणी विचारलं नाही. पुढे चोराने मध्येच एक भलताच नियम सांगितला, जो फक्त त्याच्या सोयीचा होता; पण तो त्याच्या आजोळचा निघाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या सेशनला मी हाउस रूल हा शब्दच काढला नाही. सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "आमचे जुने डीएम होते ना, दादा, त्यांच्याकडे फेरीतला पहिला वार एकवर पडला तरच तलवार पडायची."

"हां, हे बरंय," फायटर म्हणाला. "अनुभवी दिसतात."

दादा अर्थातच कोणी नव्हते. पण असा गुणी माणूस मी दुसरा पाहिला नाही. दादांच्या टेबलावर नाणी मोजली जात असत. दादा औषध बोनस ॲक्शनमध्ये देत असत, आणि राक्षसांनाही देत असत, कारण दादा समदृष्टीचे होते. दादांच्या काळात कोणी मोबाइल बघत नसे. मग 2024 ची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात औषध बोनस ॲक्शनमध्येच प्यायचं असा नियम छापून आला. चोराने ते पान सगळ्यांना फिरवून दाखवलं. "बघा! दादा आधीपासून सांगत होते."

तेव्हापासून माझं टेबल माझं राहिलेलं नाही. मी जरा कठीण राक्षस आणला की क्लेरिक विचारते, "दादांनी असं केलं असतं का?" आवाज काढून संवाद म्हटले तर सीए म्हणतो, दादा हे जास्त चांगलं करत असणार. मध्यंतरी त्यांनी दादांनाच एक सेशन घ्यायला बोलावू या अशी टूम काढली. वर्गणीही काढायला निघाले. नाइलाजाने मी दादांना नोकरीसाठी जर्मनीला पाठवलं.

"जर्मनीत कुठे?" फायटरने विचारलं.

तोंडात आलं ते बोललो, "स्टुटगार्टला."

"अरे वा, माझी चुलतबहीण तिथेच असते. मराठी मंडळींत तिच्या बऱ्याच ओळखी आहेत. आडनाव काय म्हणालास दादांचं?"