बाळाचे लंगोट, पावसाळा आणि आमचा ड्रायर

जूनच्या शेवटी आमच्याकडे कपडे वाळवायचा ड्रायर आला. लेक बाळंतपणाला आलीय. दिवसाला पंधरा-वीस लंगोट, शिवाय दुपटी, झबली, टोपडी आणि आमचे घरातल्यांचे कपडे आहेतच. बाहेर डोंबिवलीचा पाऊस. मशीन आल्याचं कळल्यावर दोन-चार जणींनी ऐकवलं, "ऊन फुकट मिळतं की! आता कपडे वाळत घालायचाही कंटाळा?" मला ते लागलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

ऊन फुकट आहे, मान्य. ऑक्टोबर ते मे माझे कपडे गॅलरीतच वाळणार. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन असतं कुठे? हवाच एवढी दमट की कपड्यातलं पाणी जायला जागाच नाही. दोन दिवस पंख्याखाली दोऱ्या बांधायच्या, तरी कुबट वास येतोच. मग इस्त्री फिरवायची, नाहीतर पुन्हा धुवायचं.

माझी लेक चिपळूणला झाली, तीही जुलैतच. आई शेगडीत निखारे घालून वर बांबूची टोपली पालथी ठेवायची आणि तिच्यावर लंगोट पसरायची. जवळ बसून एकेक उलटायचा, शिवण चिमटीत धरून बघायची, नाडीपाशी ओल लागली की परत टोपलीवर. रात्री दोन वाजतासुद्धा. धुराने डोळे लाल व्हायचे तिचे. घरात तेव्हाही सगळे म्हणायचे की यात काय खर्च आहे. तिचं जागरण कोणी मोजलंच नाही.

आम्ही घेतलाय तो हीट पंपवाला. आत फ्रिजसारखाच कॉम्प्रेसर आणि गॅस असतो. गरम हवा कपड्यांतून फिरून ओल घेऊन येते, थंड नळ्यांवर त्या ओलीचं पाणी होतं आणि तीच हवा तापून पुन्हा आत जाते. बाहेर नळी काढायला भिंत फोडावी लागत नाही. पहिल्या दिवशी पाण्याची टाकी ओढून काढली तर जवळजवळ दोन लिटर पाणी! इतकी वर्षं हेच पाणी माझ्या हॉलच्या भिंतींत मुरत होतं. पोपडे का धरायचे ते तेव्हा उमगलं.

सवय व्हायला मात्र तीन आठवडे गेले. पहिल्यांदा चादर आणि टॉवेल एकत्र टाकले. चादरीने टॉवेल पोटात गुंडाळून घेतले, चादर कडक वाळली आणि टॉवेल ओलेच. जीन्सबरोबर झबली टाकली तर झबली केव्हाच वाळली, जीन्सचे खिसे आणि कंबर तशीच दमट. एक सुती कुर्ता आखडला, तो आता कोणालाच होत नाही. शेवटी आईच म्हणाली, "अगं, दोरीवर जाड-पातळ वेगळं घालतो ना आपण? मग इथे का एकत्र?" तेव्हापासून ढीग तीच लावते. वय ८१, पण कापड हातात घेतलं की किती वेळ लागेल ते बरोबर सांगते. मशीन रुळलं ते तिच्या या जाणकारीमुळे.

दर वेळी भुगा अडवणारी जाळी साफ करायचीच, हे घेणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवा. कपड्यांचा भुगा तिच्यावर राखाडी नमद्यासारखा बसतो, बोटाने सोलला की अखंड निघतो. तो साचला की हवा अडते, वेळ आणि वीज जास्त जाते, आणि तो पेटही घेऊ शकतो. मशीन संपल्या संपल्या कपडे दमट वाटतात, तेव्हा लगेच पुन्हा लावू नका. पाच मिनिटं झटकून पसरा, वाफ गेली की कोरडे असतात. रेशीम, लोकर आणि इलॅस्टिकचे कपडे मी आत घालत नाही.

वीज लागते. आमच्याकडे भरल्या मशीनला साधारण दोन युनिट आणि अडीच-तीन तास. बिल वाढलंय आणि ते मी आनंदाने भरतेय, कारण त्या तीन तासांत लेक झोपते, मीही पाठ टेकते. घरातल्या बाईच्या कष्टाला पर्याय आला की लगेच तिला आळशी म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंट्यावरूनही हेच ऐकलं होतं आपण.

काल गरम लंगोटांचा ढीग आईच्या मांडीवर ठेवला. तिने एक उचलला, सवयीने नाडीपाशी चिमटीत धरून पाहिला, गालाला लावला आणि घड्या घालायला लागली. तिचं स्वतःचं पातळ मात्र अजून दांडीवरच वाळतं. ते आत टाकायचं नाही, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलंय.