डोंगराचं वारूळ

नाशिकमध्ये कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की एखादा डोंगर दिसतोच. पांडवलेणी, चामरलेणी, हवा स्वच्छ असेल तर थेट अंजनेरी. दारात एवढा माल असूनही माझ्या फोनमध्ये शिरला की प्रत्येक डोंगराचं वारूळ होतं. साल्हेरचा फोटो काढला होता. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर. बायको म्हणाली, "हा बांध कुणाच्या शेतातला?"

शेवटी भाच्याला गुरू केलं. "मामा, सगळं मावावं म्हणून तुम्ही वाइड लावता. त्यात लांबचं आणखी लांब जातं. मागे सरका, झूम करा. आणि पुढ्यात काहीतरी घ्या, फोरग्राउंड." शिवाय क्षितिज मधोमध नको, वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर हवं. ऊन तिरपं हवं, कारण बसाल्टचे थर तेव्हाच उठून दिसतात. तिरपं ऊन सकाळी नऊनंतर पडत असतं तर मी आजच मोठा छायाचित्रकार असतो.

रविवारी पहाटे चारला निघालो. वडाळीभोईवरून हट्टी गावात, धोडपच्या पायथ्याशी. धोडप म्हणजे आयता फोटोच: पिंडीसारखा सुळका, शेजारी लांबलचक कातळभिंत आणि तिच्यात कुणी करवतीने कापल्यासारखी खाच. आता फक्त फोरग्राउंड हवा होता.

आधी एक दगड सापडला. तो नीट यावा म्हणून चिखलात गुडघे टेकले, तर दगडच हिमालय झाला आणि धोडप त्याच्यामागे लपला. मग बायकोला म्हटलं, "तू जरा बस ना तिथे, डोंगराला प्रमाण मिळेल."

"प्रमाण कुणाला मिळेल?"

पुढची दहा मिनिटं ती पाठ फिरवून बसली. कंपोझिशनच्या दृष्टीने ते उत्तमच होतं, हे मी मोठ्याने बोललो नाही. पण वर विजेची तार. उजवीकडे सरकलो तर खांब तिच्या डोक्यातून उगवला, डावीकडे ओढा. एवढ्यात चरायला निघालेली एक म्हैस आपणहून बरोबर तिसऱ्या हिश्श्यात येऊन उभी राहिली. मी झूम करत मागे मागे सरकत गेलो (शेणात एकदाच पाय पडला) आणि काय सांगू, म्हशीच्या पाठीमागे धोडप हा एवढा थोरला उभा! खाचेच्या कडेवर कोवळं ऊन. बायकोसुद्धा म्हणाली, "बरा आलाय की."

परतताना गावात एका आजीबाईंच्या ओट्यावर चहा घेतला. फोटो दाखवल्याशिवाय मला राहवेना. आजींनी फोन लांब धरून, डोळे बारीक करून पाहिला.

"अगो बया, ही तर आमची म्हस!"

"हो, आणि मागे धोडप बघा ना आजी."

"त्यो काय, रोजच हाय." फोन परत देत त्या म्हणाल्या, "पण बाबा, शेपूट का रं कापलीस तिची?"