नॉर्मल आहे ना?

आज सकाळी भाच्याच्या अॅडमिशनसाठी लातूरच्या एका शाळेत गेलो होतो. टेबलापलीकडच्या बाईंनी फॉर्म घेतला, लेकराकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "नॉर्मल आहे ना?"

लेकरू माझं बोट धरून उभं होतं. सहा वर्षांचं आहे. बोलायला उशिरा लागलं, अजून शब्द अडतो. पण ऐकू सगळं येतं हो! त्याला नाव विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. वेळ लागला असता, पण सांगितलं असतं.

मी घाईघाईनं "हो, हो" म्हणालो. दुपारपासून त्या "हो"नंच जीव खाल्लाय.

हा शब्द त्या पोराच्या जन्मापासून मागं लागलाय. बहीण बाळंत झाली तेव्हा येणारी प्रत्येक बाई आधी विचारायची, "नॉर्मल का सिझर?" बाळ-बाळंतीण कशी आहे ते नंतर. सिझर म्हटलं की तोंड पाडायच्या, जसं काही तिनंच कसूर केली. ती पोटाला टाके घेऊन पडलेली, आणि हे ऐकायचं.

आमचे वडील, दादा, सुतार होते म्हणून सांगतो. नॉर्मल हा शब्द मूळचा सुताराचाच आहे. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे गुण्या, काटकोन तपासायचा. आधी त्याचा अर्थ काटकोनातला एवढाच होता. शाळेत प्रकाशाच्या धड्यात आपण जी स्तंभिका काढायचो, तिला इंग्रजीत आजही नॉर्मलच म्हणतात. 'नेहमीसारखा, चारचौघांसारखा' हा अर्थ रुळला तो एकोणिसाव्या शतकात. म्हणजे लाकडाचं माप माणसाला लागलं ते अलीकडेच.

दादा गुण्या लावायचे दाराच्या चौकटीला. पण रानात बाभळीचं वाकडं खोड दिसलं की हरखायचे, कारण लाकडी नांगराला तसंच लागतं. उभ्या झाडाला गुण्या लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आणि त्यांच्या नातवाला एका नजरेत लावला कुणीतरी! मी शेजारी उभा राहून "हो, हो" म्हणालो.

आपल्या मराठवाड्याला तर हा शब्द दरसाल भोगावा लागतो. हवामान खात्याच्या हिशेबात जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त झाला तरी नॉर्मल. ऑगस्ट कोरडा गेला, सोयाबीन फुलात असताना करपलं, मग सप्टेंबरात दोन रात्रींत कोसळून उरलेल्या शेंगा काळ्या पडल्या, तरी बेरीज जुळली की जिल्हा नॉर्मल. बेरीज खोटी नसते. पण करपलेलं रान तिच्यात कुठं दिसतं?

डॉक्टरला हा शब्द लागतो, मान्य. दादांचा ईसीजी नॉर्मल आला तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला होता. आणि एकट्या इंग्रजीला काय बोलायचं, आपल्याकडं 'येडं', 'धड नाही' होतंच की. तेही लेकरासमोरच बोलायचे.

सकाळी बाईंचा भयंकर राग आला होता. आता लिहिता लिहिता थोडा उतरलाय. वर्ग भरलेले, हाताखाली कुणी नाही, अडखळणाऱ्या पोराजवळ कुणाला बसवायचं ही त्यांचीही अडचण असेल. पण २०१६चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्या म्हणतो. आणि कायदा राहू द्या, लेकराच्या देखत त्याच्याबद्दल मामाला विचारायचं? ते काय सामान आहे का?

येताना गाडीवर ते एक शब्द बोललं नाही. एरवी दिसेल त्या ट्रॅक्टरचा रंग सांगतं, अडत अडत का होईना. घरी आल्यावर दादांचा गुण्या खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला. मघापासून ओसरीवर खडूनं रेघा ओढत बसलंय.

उद्या परत त्याच शाळेत जाणार आहे. बाईंना म्हणणार, त्यालाच नाव विचारा. मग कितीही वेळ लागू द्या, मी मध्ये बोलणार नाही.